दुखणं थांबलंय, पण बाकीचं? (पोटाचा कॅन्सर, पेशंट घरी)

केळफूल (सोमवार, रात्री ११:५२)

नमस्कार. एरवी मी फक्त वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आप्पांना (वय ७३) जठराचा कॅन्सर आहे. कळला तेव्हाच लिव्हरपर्यंत गेलेला होता. तीन केमो झाल्या, चौथीला त्यांनीच हात जोडले. आता कराडजवळ गावी घरीच आहेत. एका संस्थेची टीम आठवड्यातून एकदा येते. सिस्टर दर वेळी असतात, डॉक्टर अधूनमधून. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी चालू आहे आणि त्याने दुखणं खरंच थांबलंय. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार बाकीच्याची आहे. सिस्टर आल्या की एक कागद काढतात. शून्य ते दहामध्ये सांगा, दुखतं किती, मळमळ किती, थकवा किती, भूक, गुंगी, धाप, काळजी, मन उदास आहे का. आप्पा सगळ्याला "दोन" म्हणतात. ३४ वर्षं मास्तर होते. नापास पोरालासुद्धा ढकलून पस्तीस द्यायचे, स्वतःला मात्र दोनच्या वर जात नाहीत. सिस्टरची गाडी वळली, की रात्री उचकी लागते ती पहाटेपर्यंत. चार घासांवर जेवण जात नाही. पाच-पाच दिवस परसाकडला होत नाही. अंघोळीला खुर्चीवर बसवेपर्यंत धाप लागते. आईचं एकच पालुपद, "खात नाहीत, तोच खरा आजार."

तर प्रश्न असा. पेशंट दोन म्हणतो आणि घरच्यांना आठ दिसतात, तेव्हा कुणाचा आकडा धरायचा? मी मध्ये पडून सिस्टरना माझा आकडा सांगू का? आणि ज्यांनी पोटाच्या कॅन्सरचं माणूस घरी सांभाळलंय त्यांनी सांगा, दुखण्याखेरीज सगळ्यात जास्त कशाने छळलं?

---

तिसरा_कप (मंगळवार, सकाळी ६:१५)

थकव्याने. बाबांना स्वादुपिंडाचा होता. एकेकाळी पर्वती दोनदा चढणारा माणूस शर्टाचं बटण लावून दमायचा. लोक म्हणायचे, जरा उठवा, फिरवा, अंगात ताकद येईल. ताकदच नव्हती हो. टॉनिकच्या बाटल्यांची रांग तेवढी लागली.

दुखणं मात्र आमचं गोळीने पुरेसं थांबत नव्हतं. पाठीत आरपार जायचं. मुंबईला नेऊन सीलिअ‍ॅक प्लेक्सस ब्लॉक केला, म्हणजे पोटामागे नसांचं जे जाळं असतं तिथे इंजेक्शन देऊन ते बधिर करतात. पुढचे दोन महिने बरे गेले. स्वादुपिंडवाल्या कुणाला हे माहीत नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

---

उनाडबोका (मंगळवार, सकाळी ९:०२)

मास्तर लोक दोनच देतात याला मी साक्षीदार आहे, बीजगणितात मला तेवढेच मिळाले होते.

मस्करी राहू दे, ताई. आमच्या आजोबांना सिस्टरसमोर काही होतच नसे. डॉक्टर आले की उठून बसायचे, टोपी घालायचे, वर त्यांनाच विचारायचे, "चहा घेणार ना?" पाहुण्यासमोर कण्हायचं नाही, ही त्या पिढीची रीत.

---

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, दुपारी २:३०)

मी २७ वर्षं वॉर्डात काढली आणि शेवटची सहा घरी जाणाऱ्या टीमच्या गाडीत. म्हणून जरा लांबण लावते.

तो कागद कॅनडातल्या एडमंटनचा. १९९१ साली तिथल्या डॉक्टरांनी बनवला आणि पुढे जगभर पसरला. त्यात ठरलेल्या नऊ गोष्टी असतात आणि शेवटी एक रिकामी ओळ, "इतर" म्हणून. फुप्फुसाच्या पेशंटचं बरंचसं त्या नवांत बसतं. पोटाच्या पेशंटचं निम्मं दुखणं त्या रिकाम्या ओळीत असतं. उचकी, शौचाला न होणं, पोट फुगणं, तोंड येणं, करपट ढेकर, खाज, वास. ती ओळ कुणी विचारत नाही, कारण गाडीला पुढची चार घरं करायची असतात. हे मी स्वतःबद्दलही सांगतेय.

आकडा कुणाचा? पेशंटचाच. माझा अनुभव असा की घरचे जवळजवळ नेहमीच जास्त लावतात, विशेषतः भूक आणि मनाच्या बाबतीत, कारण त्यात त्यांची स्वतःची भीती मिसळलेली असते. पण तुम्ही गप्प बसा, असं मी म्हणत नाही. तुमचा आकडा वेगळा, तुमच्या नावाने सांगा. "आप्पा दोन म्हणतात, मला रात्री एक ते पाच उचकी ऐकू येते." एवढ्यावर औषध बदलता येतं. उचकीला औषधं आहेत. ती सहन करत बसायची गोष्ट नाही. सिस्टरना आठवडाभर थांबू नका, उद्याच फोन करा.

आणि आकडा येत नसेल तर आकडा मागूच नका. मी विचारायचे, "आज एकच गोष्ट घालवून देते म्हटलं, तर कुठली घालवू?" याला "दोन" असं उत्तर देता येत नाही.

आता पोट. मॉर्फिनची मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, शौचाचा त्रास मात्र कधीच सरावत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासून जुलाबाचं औषध रोज चालू हवं, झाली नाही म्हणून मग घ्यायचं असं नाही. आप्पांना ते चालू आहे का? आणि घरात कुणी इसबगोल देत असेल तर थांबवा. त्याने मळाचा गोळा फुगतो, त्याला पाणी भरपूर लागतं आणि आतडं हलतं लागतं. आप्पांकडे यातलं काहीच नाही.

एक धोक्याची खूण सांगून ठेवते. पोटात कळा येऊन उलट्या, उलटीला घाण वास, पोट टम्म आणि वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर आतडं अडलेलं असू शकतं. मग जुलाबाचं औषध बंद ठेवायचं आणि ताबडतोब टीमला कळवायचं.

---

भुईचाफा (मंगळवार, दुपारी ३:१०)

सिस्टर, इसबगोलबद्दल हे आधी कुणी सांगितलं असतं तर! आम्ही कोमट दुधातून दोन-दोन चमचे देत होतो. आणि पुढची गंमत (तेव्हा गंमत नव्हती) म्हणजे आठव्या दिवशी आईला पातळ व्हायला लागलं. आम्ही खूश. जुलाबाचं औषध बंद केलं, वर जुलाब थांबायची गोळी दिली. घरी आलेल्या डॉक्टरांनी तपासलं तर खडा आत तसाच होता आणि पातळ ते त्याच्या कडेने झिरपत होतं.

---

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, दुपारी ३:२५)

शंभरातल्या निम्म्या घरांत हेच. बरेच दिवस बंद आणि मग अचानक पातळ, तर आधी खड्याचा संशय घ्यायचा.

---

उनाडबोका (मंगळवार, दुपारी ४:००)

जेवताना धागा उघडू नये, अशी सूचना वर टाकावी का?

---

भुईचाफा (मंगळवार, दुपारी ४:०५)

बोका, ज्या घरात हे चालू असतं तिथे जेवताना दुसरा विषयच नसतो. आईला झाली त्या दिवशी बाबांनी माझ्या मामाला फोन करून सांगितलं होतं. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

---

सह्यकडा (मंगळवार, रात्री ८:४०)

एवढी केमिकलं शरीरात घालण्यापेक्षा गव्हांकुराचा रस द्या. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ पूर्ण बरे झाले. आणि मॉर्फिन म्हणजे अफूच. एकदा सुरू केलं की माणूस लवकर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही.

---

औषधवाला (मंगळवार, रात्री ९:२०)

सह्यकडा, मी दुकानात बसतो, म्हणून यावर बोलतो. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. होतं असं की आपल्याकडे ते सुरूच इतकं उशिरा करतात की लोकांना गोळी आणि मरण एकाच आठवड्यात दिसतं. मग दोष गोळीला.

उशीर का, त्यालाही इतिहास आहे. १९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा आला. नशेखोरांसाठी केलेला, पण शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. एकाच औषधासाठी वेगवेगळी लायसन्सं, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरं हातात यायचं नाही. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिन, फेंटानिल वगैरे सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवून देशभर एकच नियम केला. तरी आजही माझ्या दुकानात ते नाही. बहुतेक ठिकाणी मान्यता मिळालेल्या संस्थेतूनच मिळतं. त्यामुळे केळफूल, गोळ्या संपायच्या चार दिवस आधी टीमला सांगत जा. शनिवार-रविवार मध्ये आला तर फार हाल होतात.

---

केळफूल (मंगळवार, रात्री १०:१५)

सगळ्यांचे आभार. जुलाबाचं औषध लिहून दिलेलं आहे, पण "आधीच खाणं नाही, त्यात जुलाब कशाला" म्हणून आई ते लपवून ठेवत होती, हे आज कळलं. सिस्टरना फोन केला, उचकीसाठी गोळी सुरू झालीय.

सह्यकडा, गव्हांकुराचा रस चुलत्यांनी आणला होता. आप्पांनी त्यांचं मन राखायला घेतला आणि तासाभराने सगळा बाहेर काढला. तुमचा हेतू चांगला आहे, पण आता कुणी बाटली घेऊन आलं की मला धडकी भरते.

आईच्या खाण्याचं काय करू? दिवसभर वाटी घेऊन मागे असते.

---

भैरवी_ठुशी (मंगळवार, रात्री ११:४८)

हे मला लिहायचंच होतं. तुझी आई म्हणजे मी आहे.

माझ्या आईला अन्ननलिकेचा होता. जाळी बसवलेली, पातळ जायचं. मी नोकरीवरून रजा काढून घरी बसले होते आणि रजा काढली म्हणजे तिचं वजन वाढलंच पाहिजे, असा माझ्या डोक्यात हिशोब. तासातासाला पेज, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, ताकाची निवळी. ती घ्यायची. नाही म्हणायची नाही. एक दिवस तिचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराच्या टोकाला कढण वाळून कडक झालेलं. तोंडात धरून ठेवायची आणि माझी पाठ वळली की पदरात सोडायची. मला वाईट वाटू नये म्हणून.

मग टीमच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसून समजावलं. या आजारात शरीर अन्न अंगी लावून घेणंच सोडून देतं. न खाल्ल्याने आजार वाढत नाहीये, आजार वाढतोय म्हणून खाणं तुटलंय. कोंबून वजन वाढत नाही, उलटी आणि ठसका मात्र वाढतो. तोपर्यंत मला वाटत होतं की मी तिला उपाशी मारतेय.

त्यानंतर मी वाटी ठेवली आणि तिच्या तोंडाचं काम हातात घेतलं. पाण्यात किंचित मीठ आणि खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाचदा चूळ, ओठांना तूप, चोखायला बर्फाचा चुरा. जिभेवर पांढरा थर आला तेव्हा त्याचे थेंब मिळाले. बुरशी असते ती, घास कडू लागतो तो बऱ्याचदा तिच्यामुळे. थर गेल्यावर तिने आपणहून लोणच्याचा खार मागितला. बोटावर, एवढासा.

आईच्या हातातली वाटी काढून घेऊ नकोस, हातात दुसरं काम दे. तिला काहीतरी करायचंय.

---

कोझिकोडकर (बुधवार, सकाळी ७:३०)

भैरवी, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी बँकेच्या बदलीने नऊ वर्षं केरळात आहे. आमच्या घरमालकीणबाईंना मोठ्या आतड्याचा होता, पोटाला पिशवी लावलेली. इथे १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदनेचं क्लिनिक सुरू केलं आणि पुढे ते काम गल्लीगल्लीतल्या लोकांनी उचललं. २००८ मध्ये राज्याने धोरणच केलं, आता पंचायतींच्या गाड्या फिरतात. आमच्या बाईंकडे नर्सबरोबर कोण यायचं सांगू? कोपऱ्यावरचा रिक्षावाला आणि एक रिटायर्ड पोस्टमन. रिक्षावाल्याला पिशवी बदलायचं सगळं शिकवलेलं होतं. पण त्याचं खरं काम म्हणजे बसून गप्पा मारणं. नर्सला न सांगितलेल्या गोष्टी बाई त्याला सांगायच्या. एका घरात कमावता माणूस आजारी होता, तिथे ही मंडळी तांदूळ आणि पोरांच्या वह्या पोचवायची.

सगळं गोड आहे असं नाही. रविवारी रात्री पिशवी फुटली तेव्हा फोन कुणी उचलला नव्हता.

पण केळफूल, मुद्दा घ्या. तुम्ही मुलगी आहात, तुम्हाला ते सांगणार नाहीत. बाहेरचं, पण ओळखीचं कुणी आहे का?

---

अबोली (बुधवार, दुपारी १२:२०)

आमच्याकडे पोटातल्या पाण्याने छळलं. काकांना आठवड्यात नऊ महिन्यांच्या बाईसारखं पोट यायचं. झोपता येत नाही, बसता येत नाही, दोन घासांत पोट भरतं. पाणी काढलं की चार-पाच दिवस माणूस मोकळा, मग पुन्हा. शेवटी नळी कायमची ठेवली, घरीच थोडं थोडं काढायचं.

आणि घरीच सगळं झालं पाहिजे असा हट्ट करू नका. काकू एकटी, फोंड्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटचे बारा दिवस आम्ही त्यांना लोटलीला शांती अवेदना सदनात (कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना ठेवून घेणारी संस्था) ठेवलं. नातेवाईक बोलले, "टाकून दिला." काकू तिथे पहिल्यांदा रात्रभर झोपली.

---

तिसरा_कप (बुधवार, दुपारी १२:५५)

+१. त्यांचं मुंबईतलं वांद्र्याचं केंद्र १९८६ चं, देशातलं पहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं आहे, १९९७ पासून, मोफत. तिथे मरायलाच जातात असा गैरसमज आहे. आम्ही बाबांना उलट्या आटोक्यात आणायला नेलं होतं. घरच्या एकाने सोबत राहायचं, तोंड धुण्यापासून कुशीवर वळवण्यापर्यंत सगळं शिकायचं. काही दिवसांनी परत घरी.

---

सातासमुद्रा (बुधवार, रात्री ११:३०)

मी न्यू जर्सीत. आई नागपूरला, भाऊ-वहिनी बघतात. रोज व्हिडिओ कॉलवर मी एकच विचारतो, "काय खाल्लंस?" भैरवींचं वाचल्यावर कळलं की ती रोज माझ्याशी खोटं बोलत असणार.

---

उनाडबोका (गुरुवार, सकाळी ८:४५)

सातासमुद्रा, उद्या विचारा, "शेजारच्या बाईंचं काय चाललंय?" तब्येत असेल-नसेल, यावर उत्तर खरं आणि भरपूर येतं.

---

केळफूल (शनिवार, रात्री १०:४०)

चार दिवस इकडे यायला जमलं नाही. सांगण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निवृत्त सिस्टरांचा प्रश्न मी गुरुवारी रात्री पायांना तेल लावताना विचारला. "आप्पा, एकच गोष्ट घालवायची तर कुठली?" बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझ्या आईची ती वही." मला कळेना. आई दारात येईल त्याला सांगत असते, काल दीड भाकरी खाल्ली, आज अर्धीच. आप्पा म्हणाले, "माझं पोट म्हणजे दूध डेअरी आहे का, सकाळ-संध्याकाळ लिटर लिहायला?" आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याने परत उचकी लागली. पण थांबली लवकर, गोळी लागू पडलीय.

खरं उत्तर ते नव्हतंच. ते काढलं कोझिकोडकरांच्या सल्ल्याने. आप्पांचा एक जुना विद्यार्थी गावात सलून चालवतो. शुक्रवारी त्याला दाढीला बोलावलं आणि मी मुद्दाम बाहेर थांबले. त्याला त्यांनी सांगितलं. संडासला न्यायला दोन माणसं लागतात. भाऊ पहाटेच दूध घालायला जातो, मग मी आणि वहिनी उचलतो. सुनेने धोतर सोडायचं, धुवायचं, हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटतं. म्हणून ते कमी खात होते. कमी खाल्लं की कमी जावं लागतं. आणि आई जुलाबाचं औषध लपवते हे त्यांना माहीत होतं, ते त्यांच्या सोयीचंच होतं!

भूक नाही, पाच दिवस परसाकड नाही, हे आम्ही आजारात धरत होतो. आजार त्यात आहेच, सिस्टर म्हणाल्या भूक काही परत यायची नाही. पण निम्मं हे होतं.

आता खाटेशेजारी भोकाची खुर्ची आणलीय, तिला आईची जुनी साडी लावून आडोसा केलाय. भाऊ दूध घालायला अर्धा तास उशिरा जाणार. दुपारी गरज पडली तर सलूनवाला येतो म्हणालाय, पैशाचं नाव काढू दिलं नाही. वहिनीला वाईट वाटलं, "मी कधी तोंड वाकडं केलं का?" असं म्हणून रडली. तिचं बरोबर आहे, आप्पांचंही आहे. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

आज सिस्टर आल्या होत्या. कागदावरच्या नवाही गोष्टींना आप्पा सवयीने "दोन" म्हणाले. मी म्हटलं, शेवटची रिकामी ओळ विचारा. सिस्टरनी विचारलं. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बाहेर जा." नंतर कागद पाहिला. तिथे "संडास – कोण नेणार" असं लिहिलंय आणि पुढे आठ.

---

निवृत्त_सिस्टर (रविवार, सकाळी ६:५०)

सहा वर्षांत किती घरांत भुकेचं औषध देऊन आले असेन, आता मोजायला नको. जुलाबाचं औषध सुरू झालं का?

---

पाणपोई (रविवार, सकाळी ९:३०)

धागा पळवत असेन तर माफ करा. आईला पित्ताशयाचा आहे, कावीळ वाढलीय आणि अंगाला इतकी खाज की रात्रभर ओरबाडते. सेटिरिझिन देऊन काही फरक नाही.

---

निवृत्त_सिस्टर (रविवार, सकाळी १०:०५)

या खाजेला अ‍ॅलर्जीच्या गोळ्या फारशा चालत नाहीत, पित्त अडल्याची खाज आहे ती. तिची औषधं वेगळी असतात, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नखं बारीक कापा, साबण बंद, अंघोळ कोमट पाण्याने, नंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल, जुनं सुती पातळ नेसवा. पित्त वाहून जायला नळी टाकलेली असेल तर ती तुंबली का हे बघायला हवं. थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही.

---

केळफूल (रविवार, सकाळी १०:३०)

सिस्टर, शुक्रवारी रात्रीपासून सुरू केलं. आज सहा वाजून दहा मिनिटांनी झाली. भाऊ होता.

---

भुईचाफा (रविवार, सकाळी १०:३२)

मामाला फोन केला का?